परसांतील घूस व उंदीर : ओळख आणि बंदोबस्त

शेतांतील उंदरांविषयीं आमच्या वाचकांस पुष्कळ माहिती असते. परंतु घरामागच्या परसांतील उंदरांकडे पाहण्याची आपली रीत निराळी आहे. शेतांत उंदीर झाले म्हणजे आपण नुकसानीचा हिशेब करतों. परसांत झाले म्हणजे संतापतों, आणि संतापाच्या भरांत बाजारांतून विषाची पुडी आणून ती केळीच्या बुंध्याशीं टाकून मोकळे होतों. परसांत मुलें खेळतात, कोंबड्या चरतात, गुरें बांधलेलीं असतात, विहीर असते, आणि एका भिंतीपलीकडे आपण स्वतः झोंपतों. जी हयगय दूरच्या शेतांत निभावून जाते ती येथें एखाद्याच्या जिवावर बेतूं शकते. म्हणून परसांतील बंदोबस्त हें शेतांतील बंदोबस्ताहून वेगळें काम समजावें, आणि त्यांत विषाचें स्थान पहिलें नसून शेवटचें असावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें कां, हें पुढें यथाक्रम सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम चोर कोण तें ओळखलें पाहिजे. परसांत दिसणारा प्रत्येक लांब शेपटीचा प्राणी एकाच जातीचा नसतो, व एका जातीवर चालणारा उपाय दुसरीवर चालत नाहीं. आपल्या प्रांतांत परसाचें सर्वांत अधिक नुकसान घूस करते. तिच्याही दोन जाती आहेत. लहान घूस ही मूळची शेतांतली. तिचें अंग आंखूड व दणकट, तोंड बोथट व शेपटी अंगापेक्षां कमी लांबीची. मोठी घूस गांवाच्या आसपास, उकिरड्याशीं व सांडपाण्याच्या कडेला असते, आणि भरली म्हणजे वजनांत पाऊण-एक किलोपर्यंत जाते. दोघीही खणणाऱ्या. रताळी, सुरण, भुईमूग यांचा फडशा त्या जमिनीखालून पाडतात. वर वेल हिरवा दिसत असतो, आणि एके दिवशीं तो अकस्मात् मान टाकतो, तेव्हां खालीं कांहीं उरलेलें नसतें. कोंबडीचीं अंडीं व लहान पिलें यांवरही घुशीचा डोळा असतो.

दुसरा चोर म्हणजे काळा उंदीर. हा सडपातळ, कान मोठे, व शेपटी अंगाहून लांब. हा खणण्यांत मध्यम पण चढण्यांत पटाईत. घराचे वांसे, आढें, माळा आणि कोंकणांत नारळीचा शेंडा हीं याचीं राहण्याचीं ठिकाणें. नारळीच्या शेंड्यांतच घरटें करून राहणारा उंदीर कित्येक दिवस जमिनीवर उतरतही नाहीं. झाडाखालीं कोंवळीं शहाळीं गळून पडलेलीं असावीं, आणि त्यांना देंठाच्या बाजूस वाटोळें भोंक असावें, म्हणजे हा उद्योग त्याचाच असें समजावें. देशावर काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत भेगा पडतात, त्यांत मऊ केसांचा लहान उंदीर आसरा घेतो. पेरलेलें काकडी-भोपळ्याचें बीं पहिल्याच रात्रीं उकरून नेण्याचें काम बहुधा यांचें किंवा लहान शेतउंदराचें असतें.

येथें एका निरपराध्याची बाजू मांडणें आम्हांस अवश्य वाटतें. चिचुंद्री ही उंदीर नव्हे. निमुळतें लांब सोंड, बारीक डोळे, भिंतीच्या कडेनें चिरचिरत धांवण्याची खोड आणि अंगाचा उग्र वास यांवरून ती ताबडतोब ओळखतां येते. तिचा आहार मुख्यतः किडे व झुरळें. अंधारांत कांहीं पळालें म्हणून पायतण फेंकणाऱ्यांच्या हातून हीच बिचारी अधिक मरते, आणि घूस मजेंत राहते.

चोर ओळखल्यावर त्याचें घर शोधावें. घुशीच्या बिळाचें तोंड तिनें उकरलेल्या सैल, भुसभुशीत मातीनें बहुधा बंद असतें व जवळ मातीचा ढीग असतो. आंत लांबच लांब बोगदे, दोनतीन पळवाटा, आणि धान्य सांठविण्याची वेगळी कोठी असते. काळ्या उंदराची खूण म्हणजे भिंतीच्या कडेस किंवा वांशावर त्याच्या अंगाच्या तेलकटपणानें पडलेला काळपट पट्टा. तो नेहमीं एकाच वाटेनें जातो. परंतु दिसणारीं सर्व बिळें राहतीं नसतात. तीं तपासण्याची रीत अगदीं सोपी आहे. एके दिवशीं संध्याकाळीं परसांतील सर्व बिळांचीं तोंडें ओल्या मातीनें चापून लिंपावीं आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहावें. जीं उघडलीं असतील तींच राहतीं. प्रत्येकाजवळ एक काठी खोंचावी. वीस बिळें दिसत होतीं तेथें काठ्या पांचसहाच लागतात, असा प्रकार पुष्कळदां आढळतो. घूस बहुधा एकटी राहते, एका बिळांत दोन प्रौढ घुशी क्वचित्. म्हणजे ज्या संकटाला आपण सैन्य समजत होतों तें चारदोन दरवडेखोर निघतात. ही तपासणी केल्याशिवाय कोणताही खर्च करूं नये.

आतां मूळ प्रश्न असा कीं, उंदीर परसांत येतो कां? त्याला दोन गोष्टी हव्या असतात : खाणें आणि आडोसा. खाणें सर्वस्वीं बंद करणें परसांत शक्य नाहीं, कारण परस हें खाण्यासाठींच लाविलेलें असतें. आडोसा मात्र आपल्या हातांत आहे, आणि येथेंच आपली सर्वांत मोठी ढिलाई होते. गोठ्याच्या भिंतीला टेकून रचलेली पेंढ्याची उडवी, वर्षानुवर्षें न हललेली जळाऊ लाकडांची रास, कोपऱ्यांत फुटक्या कौलांचा ढीग, कुंपणाच्या निवडुंगांत माजलेलें रान, न्हाणीच्या सांडपाण्याशीं वाढलेलें अळू, हीं उंदरांचीं वतनें होत. लांकडें व कौलें जमिनीपासून दीड फूट उंच फळीवर किंवा दगडांवर रचावीं, म्हणजे खालून झाडतां येतें व मांजराला आंत शिरतां येतें. उडवी घरापासून दूर न्यावी. शक्य असल्यास तीन फूट उंच माचावर रचावी व माचाच्या खांबांस पत्र्याचे उलटे कोन बसवावे. घराच्या व गोठ्याच्या भिंतीभोंवतीं तीन फुटांची पट्टी गवत काढून मोकळी ठेवावी. उंदराला उघड्या जागेचें भय वाटतें, कारण घुबडाची झडप तेथेंच पडते. आपण ती पट्टी मोकळी ठेवणें म्हणजे पहारेकऱ्याला दिवा देणें होय. छपरावर झुकलेल्या फांद्या छपरापासून चारपांच फूट अंतर राहील इतक्या छाटाव्या.

खाण्यापैकीं जें फुकट जातें तें तरी आवरावें. कोंबड्यांना संध्याकाळीं घातलेले दाणे रात्रभर खुराड्यांत राहूं देऊं नयेत. आंबोण गव्हाणींत उरतें तें उचलावें. झाडाखालीं पडलेले आंबे, पेरू, चिकू सायंकाळपूर्वीं गोळा करावे. खुराड्याला व धान्याच्या खोलीच्या झरोक्यांना पाव इंच भोंकाची तारेची जाळी असावी. अर्ध्या इंचाच्या जाळींतून उंदराचें पिलू सहज जातें, मग तें आंतल्या आंत मोठें होतें. कोंबडीची नेहमींची षट्कोनी जाळी कोंबडीला आंत ठेवते, उंदराला बाहेर ठेवीत नाहीं, हें लक्षांत असावें.

नारळीसाठीं एकच उपाय उत्तम, आणि तो म्हणजे पत्र्याचा पट्टा. गुळगुळीत जस्ती पत्रा सुमारें सव्वा फूट रुंदीचा घेऊन तो जमिनीपासून सहासात फुटांवर खोडाला घट्ट बसवावा. उंदराचीं नखें पत्र्यावर ठरत नाहींत. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या. पट्टा बसविण्यापूर्वीं शेंडा साफ करावा, नाहीं तर वर राहणाऱ्या उंदराला आपणच कोंडून पोसल्यासारखें होतें. आणि शेजारच्या झाडांच्या झावळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतील तर पट्टा व्यर्थ आहे. उंदीर एका झाडावर चढून दहा झाडें फिरतो. अशा दाट बागेंत सर्वच झाडांना पट्टे बसवावे किंवा कोणालाच बसवूं नयेत.

सापळ्यांविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण परसासाठीं हेंच मुख्य हत्यार आहे व त्याचाच उपयोग आपण सर्वांत वाईट करतों. नवा पिंजरा आणावयाचा, पहिल्याच रात्रीं भजें अडकवून दार उघडें लावावयाचें, सकाळीं कांहीं सांपडलें नाहीं म्हणजे चारदोन दिवसांनीं तो माळ्यावर टाकावयाचा, असा क्रम घरोघर दिसतो. उंदीर नव्या वस्तूला भितो. रोजच्या वाटेवर काल नव्हती अशी वस्तू आज दिसली कीं तो तिला वळसा घालून जातो. म्हणून पिंजरे तीनचार दिवस दार बांधून, नुसते उघडे ठेवावे व आंत रोज खाणें टाकावें. तें खाणें निर्धास्तपणें नाहींसें होऊं लागलें कीं मग एके रात्रीं सर्वच्या सर्व पिंजरे एकदम लावावे. एकच पिंजरा महिनाभर लावण्यापेक्षां आठ पिंजरे दोन रात्री लावणें कितीतरी फायद्याचें. शेजाऱ्यांकडून मागून आणावे. पिंजरा मोकळ्यांत न ठेवतां भिंतीलगत, तेलकट पट्ट्याच्या वाटेवर ठेवावा. दांड्याचा चाप असेल तर तो भिंतीशीं काटकोनांत, खाणें भिंतीकडे करून मांडावा, व दिवसां मुलांच्या हातीं लागूं नये म्हणून उचलून ठेवावा. खाणें कोणतें, याविषयीं वाद पुष्कळ आहेत; आमच्या मतें भाजलेलें खोबरें किंवा सुकटीचा तुकडा पुरे. ज्या परसांत भुईमूग आहे तेथें शेंगदाण्याला कोण विचारतो? जें परसांत नाहीं तें द्यावें.

पिंजऱ्यांत सांपडलेला उंदीर गांवाबाहेर नेऊन सोडण्याची चाल कित्येक दयाळू घरांत आहे. गणपतीच्या वाहनाविषयींचा हा आदर आम्ही समजूं शकतों; परंतु तो उंदीर गांवाबाहेर म्हणजे दुसऱ्याच्या शेतांतच जातो, हें विसरतां कामा नये. चिकट फळ्या मात्र आणूंच नयेत. त्यांना पाली, सरडे, चिमण्या चिकटून तळमळतात. कानांस ऐकूं न येणाऱ्या आवाजाचीं यंत्रें विकतात, त्यांना उंदीर लवकरच सरावतो. आणि वाफ्याभोंवतीं विजेची उघडी तार लावण्याचा प्रकार तर सरळ मनुष्यवधाचा आहे. त्याविषयीं याहून अधिक लिहिण्याची आमची इच्छा नाहीं.

आतां विष. सामान्यतः तीन विषें शेतकऱ्यांच्या हातीं पडतात. पहिलें झिंक फॉस्फाइड, काळसर भुकटी. भरडलेलें धान्य ९६ भाग, खाण्याचें तेल २ भाग व विष २ भाग, असें मिश्रण शेतांसाठीं सांगितलेलें आहे. तत्पूर्वीं दोनतीन दिवस नुसतें तेल लाविलेलें धान्य देऊन उंदरांस चटक लावावयाची असते. तें पोटांतील आम्लाशीं मिळून विषारी वायु निर्माण करतें. उंदीर त्याच रात्रीं मरतो. पण जो थोडें खाऊन आजारी पडून वांचला तो पुन्हां त्या खाण्याला तोंड लावीत नाहीं. यामुळें तेंच आमिष लगोलग दुसऱ्यांदा देणें म्हणजे विष व धान्य दोन्ही फुकट घालविणें होय. याला उतारा नाहीं. कोंबडी मेली, कुत्रें मेलें, किंवा मुलानें हात लाविला तर वैद्याच्या हातांत लक्षणांवर उपचार करण्यापलीकडे फारसें कांहीं उरत नाहीं. परसांत हें विष वापरूं नये, असें आम्ही नि:संदिग्धपणें सांगतों.

दुसरें अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. या गोळ्या सामान्य ग्राहकांस विकण्याची कायद्यानें बंदी आहे, व त्यांचा उपयोग शासकीय यंत्रणेनें किंवा परवानाधारक तज्ज्ञांनींच करावयाचा असतो. तरीही चोरूनमारून त्या मिळतात. दमट हवा लागतांच त्यांतून तोच वायु सुटतो. घुशीचें बीळ परसांत उघडतें, पण त्याचा दुसरा फांटा घराच्या जोत्याखालीं जातो, हें ज्यानें एकदां तरी बीळ खणून पाहिलें आहे त्याला सांगावयास नको. परसांतील बिळांत टाकलेल्या गोळीचा वायु फरशीच्या फटींतून निजण्याच्या खोलींत निघूं शकतो. रात्रीं दारें-खिडक्या लावून झोंपलेल्या कुटुंबाला त्याची खबरही लागत नाहीं. घरापाशीं ही गोळी, मग ती कोणीही कितीही आग्रहानें दिलेली असो, बिळांत टाकूं नये व घरांत सांठवूंही नये.

तिसरें ब्रोमॅडिओलोन. ०.००५ टक्के विषाच्या तयार वड्या मिळतात. हें विष रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतें. उंदीर कांहीं दिवसांनीं मरतो, त्यामुळें इतर उंदरांस संशय येत नाहीं. याला उतारा आहे, व तो म्हणजे डॉक्टरांनीं द्यावयाचें जीवनसत्त्व के-१. परंतु याच ठिकाणीं एक फसगत आहे : मुलानें वडी खाल्ली तरी पहिले एकदोन दिवस तें हंसतखेळत असतें. कांहीं झालें नाहीं असें समजून थांबूं नये. वेष्टन बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गांठावा. सापळ्यांनीं निभाव लागत नसेल तर परसांत या वड्यांचाच उपयोग करावा, आणि तोही उघड्यावर नव्हे. हातभर लांबीचा, दोन्ही तोंडें मोकळीं असलेला जाड बांबू भिंतीलगत तारेनें जखडून त्याच्या मध्यभागीं वडी अडकवावी, म्हणजे कोंबडीची चोंच व मुलाचा हात तेथवर पोंचत नाहीं. वडीला हातमोजे घालून हात लावावा. रोज सकाळीं मेलेले उंदीर शोधून पुरावे. हें शेवटचें काम टाळलें तर तें विष उंदरापाशीं थांबत नाहीं.

कारण त्या उंदराला खाणारा आपला दुसरा नोकर असतो. गव्हाणी घुबड हा पक्षी मुख्यतः उंदरांवर जगतो. पिलें असतांना जोडप्याची अवघी रात्र उंदीर वाहण्यांत जाते. त्याला अशुभ समजून जुन्या वाड्यांतून हुसकणारे लोक तोच वाडा नंतर उंदरांच्या स्वाधीन करतात. धामणीचेंही तसेंच. ती बिनविषारी, बिळांत शिरून उंदरांचीं पिलें काढणारी, आणि नागाच्या भ्रमानें काठीखालीं मरणारी. ती गाईच्या पायांना वेटोळें घालून दूध पिते, ही गोष्ट सर्वस्वीं खोटी आहे. सापाच्या तोंडाची रचनाच दूध ओढून पिण्याजोगी नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला संरक्षण आहेच. परंतु कायद्याच्या भयानें नव्हे तर स्वार्थानें तरी तिला जगूं द्यावें. मांजर लहान उंदरांपुरतें चांगलें. पूर्ण वाढलेल्या घुशीच्या वाटेस बहुतेक मांजरें जात नाहींत.

बंदोबस्त एकट्यानें करावा कीं आळीनें? काळ्या उंदराची मादी सुमारें तीन आठवडे गर्भ धारण करते, एका खेपेस बहुधा सहाआठ पिलें देते, व तीं दोनतीन महिन्यांत वयांत येतात. एकाच परसांतील बिळें रिकामीं केलीं तर शेजारचे उंदीर येऊन तयार घरांत राहूं लागतात. म्हणून कुंपणाला कुंपण लागलेल्या सर्व घरांनीं एकाच आठवड्यांत काम करावें. याला योग्य काळ दोन. पहिला वैशाख-ज्येष्ठ, पावसाच्या आधीं : रान वाळलेलें असल्यानें बिळें उघडीं दिसतात, बाहेर खाणें थोडें असल्यानें आमिषाला उंदीर लवकर येतात, आणि पाऊस पडून शेतांत पाणी भरलें कीं तेथील घुशी उंच जागा म्हणून परसाकडेच धांव घेतात. दुसरा काळ भाताची कापणी किंवा जोंधळ्याची खुडणी झाल्यावर, जेव्हां रिकाम्या शेतांतून त्यांचा मोर्चा खळ्याकडे व घराकडे वळतो. रायगड-ठाण्याच्या बाजूस कातकरी लोक बिळें ओळखण्यांत व खणून उंदीर धरण्यांत अत्यंत निष्णात आहेत. पळवाट कोठें असेल हें त्यांतील जाणत्यास माती पाहून समजतें. त्यांना या कामाला बोलवावें, व हें कसबी काम आहे असें समजून त्याप्रमाणें मजुरी द्यावी. कोठींत सांपडलेल्या चार मुठी भातावर त्यांची बोळवण करूं नये.

मेलेल्या उंदरास उघड्या हातानें कधींही शिवूं नये. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि पुढें तो गांवोगांव पसरला, तेव्हां 'उंदीर पडूं लागले' एवढे शब्द ऐकतांच लोक घरें सोडून रानांत झोंपड्या बांधीत. उंदरावरील पिसवा हा रोग माणसांत आणतात, हें सिमोंद या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत दाखवून दिलें. प्लेग ही केवळ आजोबांची गोष्ट नव्हे. १९९४ सालीं बीड जिल्ह्यांत व सुरतेस त्याची भीति पुन्हां उभी राहिली. विष न घालतां परसांत एकामागून एक उंदीर मरूं लागले तर ते हलवूं नयेत, आरोग्य केंद्रास कळवावें. आणि पावसाळ्यांतील नित्याचा धोका लेप्टोस्पायरोसिसचा आहे. उंदराच्या मुतानें दूषित झालेल्या चिखलांतून, पायाच्या जखमेवाटे, तो शरीरांत शिरतो. २००५ च्या जुलैमधील पुरानंतर मुंबईंत त्याची सांथ आली होती. पायाला भेग किंवा जखम असतांना आळ्यांत अनवाणी उतरूं नये, आणि चिखलांत काम केल्यानंतर ताप, पोटऱ्या दुखणें व डोळे लाल होणें अशीं लक्षणें दिसल्यास डॉक्टरांस आपण परसांत काम करतों हें आवर्जून सांगावें.

पिंजऱ्यांतील व मेलेले उंदीर फावड्यानें उचलून विहिरीपासून दूर, दोन फूट खोल पुरावे. बिळें रिकामीं झालीं म्हणजे तीं खणून मोडावीं, दगडगोटे घालून ठोकावीं. जोत्यालगतचीं तोंडें सिमेंटमध्यें फुटक्या कांचा मिसळून बुजवावीं. त्यानंतर दर महिन्यास एकदां ओल्या मातीची तीच तपासणी करून उघडलेल्या बिळांची संख्या, दुधाचा हिशेब मांडतों त्याच वहींत, तारीख घालून लिहीत जावी.